ईश्वर आपल्या हद्दीत येतो का?

आबा,

काल ग्रामसभा झाली. विषय क्रमांक एक तुम्ही होता.

तुम्ही असता तर यावरही उठला असता. "एक नंबरला मागच्या सभेचं इतिवृत्त असतंय, किलारकबाई. माणूस मेला म्हणून नियम मरत न्हाई." मला ते ठाऊक होतं. पण ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, दुखवटा आधी घेऊ, नंतर पाणीपुरवठ्यावर भांडण सुरू झालं की उभं राहून श्रद्धांजली वाहायला कोणी शुद्धीवर नसतं. मला पटलं.

तुम्ही गेलात त्या दिवशीच मी डायरीत तुमच्या नावाचं पान काढलं होतं. मृत्यूची नोंद, दाखल्याच्या प्रती, पेन्शनच्या कागदांसाठी सरूकाकूंचा फोटो, नळजोडणी काकूंच्या नावावर करणं. आठवडाभरात सगळ्यावर बरोबरची खूण झाली. फक्त एक ओळ उघडी राहिली: 'आबांचा दुखवट्याचा ठराव – मजकूर'.

या गावचे दुखवट्याचे ठराव वीसेक वर्षं मी लिहिते आहे. मजकूर ठरलेला. अमुक यांचे दुःखद निधन झाले, ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो, अशी ही ग्रामसभा प्रार्थना करते. नाव तेवढं बदलायचं. आणि तितकीच वर्षं तुम्ही त्या वाक्यावर हरकत घेत आलात. गावात कोणी गेलं की बाकीचे सरणाच्या लाकडांचं बघायचे, मी तुमच्या हरकतीसाठी अर्धं पान मोकळं सोडायचे. आता तुम्हीच गेलात, आणि तुम्ही ज्या वाक्यापुढे आयुष्यभर आडवे पडलात ते तुमच्याच नावापुढे लिहायचं की नाही, हे मला एकटीला ठरवायचं होतं. चुकले असते तर दुरुस्त करायला तुम्ही नव्हता.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. मी नवीन होते, अक्षर चांगलं म्हणून कौतुक होत होतं. इतिवृत्त वाचून झालं, सरपंचांनी "मंजूर?" विचारलं, सगळे "मंजूर" म्हणाले, आणि मागून खुर्ची सरकली.

"हरकत हाय."

"कशावर?" मी विचारलं.

"पानाच्या डोक्यावर 'श्री' लिवलंय, त्याच्यावर. त्याचा ठराव कधी झाला? सूचक कोण, अनुमोदक कोण?"

सभा हसली. मी घाबरले. मला वाटलं, कोणी वरचे अधिकारी आले आहेत. शेजारच्या बाईंनी कानात सांगितलं, "अगं, आपला गणपतआबा. लोणावळ्याला रेल्वेत होता, रूळ बदलायला. आता रिटायर झालाय आणि आपल्याला रुळावर आणतोय."

नाव गणपत आणि हरकत 'श्री'वर! मी धीर करून म्हटलं, "आबा, तुमच्या नावानेच तर सुरुवात करतो आम्ही."

"म्हणून तर हरकत," तुम्ही म्हणालात. "माझी परवानगी घेतली न्हाई."

पुढच्या सभेपासून मी 'श्री' लिहिणं बंद केलं. तुमच्यासाठी नाही. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "पोरी, घरच्या वहीवर धा येळा लिव. ही वही गावाची हाय. गावात रशीद मुलाणी बी राहतो," आणि त्यात खोडायला मला काही सापडलं नाही, म्हणून. मी घरी रोज दिवा लावते, सोमवार करते, हे तुम्हाला माहीत होतं. त्यावर तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाही. उलट श्रावणात माझ्यापुढे चहा आला की तुम्हीच ओरडायचा, "बिस्कीट नका देऊ तिला, उपास हाय तिचा."

श्रावणातली सत्यनारायणाची पूजा हा आपला दुसरा मोठा खटला. कार्यालयात चौरंग मांडला होता. सरपंच सोवळ्यात, गुरुजी दुसऱ्या अध्यायात, आणि तुम्ही दारात. "घराचा उतारा पायजे."

"आबा, पूजा चालू आहे."

"कामाचा दिवस हाय आणि घड्याळात अकरा वाजल्यात. मी बसतो."

तुम्ही बसलात. पाचही अध्याय ऐकलेत. आरतीला टाळ्या नाही वाजवल्या, पण गुरुजी एक ओळ विसरले तेव्हा बसल्या जागेवरून तुम्हीच ती सांगितलीत. मग दोन द्रोण शिरा खाल्लात. मी म्हटलं, "हे कसं चालतं?" तर म्हणालात, "शिऱ्यावर आपली कायबी हरकत न्हाई. तो निर्दोष हाय. उतारा दे."

पुढच्या वर्षी मी पूजा रविवारी लावली आणि कार्यालयातून मारुतीच्या देवळात हलवली. सगळ्यांना बरं पडलं, गुरुजींना तर जास्तच, कारण देवळात पंखा होता. तुम्ही देवळाच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या चपला राखल्यात. सरूकाकूंना दर शनिवारी स्कूटरवरून आणून तुम्ही तेच करायचा. "आत ती, भाईर मी. पन्नास वर्सं संसार असाच झालाय," असं सांगायचा. काकू आतून ओरडायच्या, "भाईर बसूनबी पुण्य लागतंय बरं का, उगं खुश व्हऊ नका!"

आबा, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. पाण्याच्या टाकीची.

उद्घाटन रविवारी ठरलं होतं. खोबरं, नारळ, हार, सगळं माझ्या यादीप्रमाणे हजर. फक्त गुरुजी नव्हते. ते लोणावळ्याहून येणार होते आणि भुशी धरणाकडे निघालेल्या मुंबईच्या गाड्यांत अडकले होते. त्यांचा फोन यायचा, "चिक्कीच्या दुकानापाशी आहे." अर्ध्या तासाने पुन्हा, "त्याच दुकानापाशी आहे." बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या. सरपंच म्हणत होते, थांबा, मुहूर्त आहे.

तुम्ही पुढे झालात. "पाण्याला कुटला मुहूर्त? तहानेला इचारा की." आणि व्हॉल्व्ह फिरवलात.

सांधा फुटला. पाण्याचा फवारा थेट सरपंचांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर. हार, नारळ, सगळं वाहून ओढ्याला. दुसऱ्या दिवशीपासून गावभर झालं की नारळ न फोडता नास्तिकाचा हात लागला, म्हणून टाकी फुटली. तुम्ही तेव्हाही ठाम होता. "वायसर नसंल बसवला. देवाला इतका येळ न्हाई, माझ्या मागं लागायला."

आबा, वॉशर खरंच बसवला नव्हता. तो माझ्या कपाटात होता. पाकीटभर वॉशर, कुलूपबंद. माझ्या यादीत लिहिलं होतं, 'तपासणी झाल्यावर फिटरकडे देणे', आणि तपासणीवर खूण नव्हती, म्हणून मी दिले नव्हते. फिटरने जुन्यावरच भागवलं. मला सोमवारी कपाट उघडल्यावर कळलं. मी गुपचूप वॉशर दिले आणि गप्प बसले. तुम्ही पुढची दोन वर्षं गावाच्या चेष्टेचे धनी झालात. ज्याच्यावर तुमचा विश्वास नव्हता त्याच्या कोपाचं खापर तुमच्या डोक्यावर, आणि ज्या यादीवर माझा देवापेक्षा जास्त विश्वास, ती निर्दोष सुटली. हे सांगायला मी तीन वेळा तुमच्या अंगणापर्यंत आले होते. तिन्ही वेळा तुम्ही चहा दिलात आणि मी दुसरंच काहीतरी बोलून परत गेले. आज सांगितलं. खूण करते.

रशीदचाचा गेले तेव्हा मात्र चूक उघडपणे माझीच होती. सायकलचं दुकान चालवणारे, तुमचे रोजचे पत्त्यातले जोडीदार. मी ठराव लिहिताना नेहमीचा मजकूर उतरवला, नाव बदललं आणि सभेत वाचलं: 'कैलासवासी रशीद मुलाणी'. माझ्या लक्षातही आलं नाही. मग पुढच्या रांगेतून त्यांची मुलगी शमीम उठली. रडून डोळे सुजलेले, तरी तोंडावर हसू. "मावशी, अब्बांना खंडाळ्याची थंडी सोसायची नाही. कैलासावर कुठं धाडता त्यांना?"

सभा हसली आणि मग रडली, एकाच दमात. तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुम्ही उठलात, पण माझ्याकडे बोट दाखवलं नाहीत. म्हणालात, "यात पोरीची चूक न्हाई, मजकुराची हाय. सगळ्यांना एकच शब्द लावा. 'दिवंगत'. गेला तो गेला, कुटं गेला ते ग्रामपंचायतीला म्हाईत न्हाई." तो ठराव सर्वानुमते झाला. तुम्ही स्वतः मांडलेला असा तो एकच.

पण 'ईश्वर शांती देवो' राहिलं. त्यावर आपलं जमलं नाही. तुम्ही म्हणायचा, "प्रार्थना करते कोण? ग्रामसभा. करून धाडती कुटं? आवक-जावक नंबर काय? ईश्वर आपल्या हद्दीत येतो का?" मी म्हणायचे, "आबा, ठरावाची प्रत घरी जाते. बायका ती फोटोमागे ठेवतात. त्यांना त्या वाक्याने बरं वाटतं. नुसतं 'निधन झाले, नोंद घेतली' असं लिहिलं तर नळपट्टीची नोटीस वाटेल."

"मग असं वाक्य लिव, ज्यात देव न्हाई आणि घरच्यांना बरं वाटंल."

"असं वाक्य नसतं."

"तुला लिवता येत न्हाई म्हण."

यावर आपण किती वर्षं भांडलो! मी तुम्हाला पकडायलाही बघितलं. एका सभेत तुम्ही किती वेळा देवाचं नाव घेता ते डायरीच्या मागच्या पानावर टिपलं. उठताना 'देवा रे', बसताना 'देवा रे', सरपंचांना 'देवाशप्पत सांगतो', पाय मुरगळल्यावर दोनदा. कागद तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि गंभीरपणे म्हणालात, "गुडघ्यावर माझा ताबा न्हाई. तो आस्तिक हाय."

मग माझी आई गेली.

तिच्या ठरावाच्या वेळी भाऊसाहेब म्हणाले, मी वाचतो. मी म्हटलं, नको, मीच वाचते. वाचत आले, 'ईश्वर त्यांच्या आत्म्यास' इथे पोचले आणि सवयीने थांबले. तुमची खुर्ची सरकायची वाट बघत. सगळी सभा वाट बघत होती. खुर्ची सरकली नाही. मी मान वर केली तर तुम्ही खाली बघत होता, टोपी हातात. मी वाक्य पुरं केलं. सगळ्यांबरोबर तुम्हीही "मंजूर" म्हणालात, सगळ्यात मोठ्याने.

त्याबद्दल तुम्ही पुढे कधी बोलला नाहीत, मीही नाही. पुढच्याच सभेत दुसऱ्या कोणाच्या तरी ठरावावर तुम्ही पुन्हा उठलात, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा तुमची हरकत आनंदाने लिहून घेतली. आभार मानायचे राहिले, आबा. ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हते, म्हणूनच राहिले असतील.

तळेगावच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा नाकात नळी होती. मी डबा, टॉवेल, गोळ्यांचा तक्ता असं सगळं नीट लावत होते. तुम्ही हाताने जवळ बोलावलंत.

"माझा ठराव कोण लिवणार?"

"असं बोलू नका."

"तूच लिवणार. बघतो काय लिवतीस."

"कसे बघणार? मेल्यावर काही नसतं असं तुमचंच म्हणणं आहे."

तुम्हाला इतकं हसू आलं की नळी निघाली. सिस्टर धावत आली आणि मला बाहेर काढलं. "पेशंटला हसवायचं नाही, मॅडम." दारातून बघितलं तर तुम्ही अजून हसत होता. ते शेवटचं.

दहाव्यानंतर सरूकाकू कार्यालयात आल्या. दहावं झालं, हो. काकूंनी केलं. कावळा लगेच शिवला, तेव्हा काकू म्हणाल्या, "जिवंत असताना कंदी वेळेवर जेवले न्हाईत, आन् आता बघा." माझ्या टेबलासमोर बसल्या, पदर नीट केला.

"सुनंदा, ठरावात देवाचं नाव घाल बाई."

"काकू, आबांना..."

"त्यांना काय पायजे ते मला म्हाईत हाय. पन्नास वर्सं ऐकलंय. आता मला काय पायजे ते सांगती. त्यांच्यासाठी कुणीतरी देवाकडं शब्द टाकाया नको? त्यांनी सोता तर कंदी टाकला न्हाई."

त्या गेल्यावर मी दोन मजकूर लिहिले. 'अ' मध्ये ईश्वर, 'ब' मध्ये नाही. 'अ' लिहायला अर्धं मिनिट लागलं. 'ब' ला पाच दिवस. रोज लिहायचे, खोडायचे. एकदा तर 'कर्तव्यदक्ष नागरिक' असं लिहिलं, आणि तुमचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन स्वतःच हसले. तुम्ही माझ्या आईसाठी गप्प बसला होता, तर मी तुमच्या बायकोसाठी गप्प का बसू नये, हाही प्रश्न होता. आणि तुम्ही माझ्याशी लावलेली पैज अर्धी सोडून तुम्हाला 'अ' मध्ये कोंबायचं, हाही. सभेला जाताना दोन्ही कागद फाइलीत होते. यादी करणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा निर्णय न घेता घर सोडलं.

काल शाळेच्या व्हरांड्यात सभा. बसायला जागा नव्हती. काकू पुढे, शमीम त्यांच्या शेजारी. सरपंचांनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, फाइल उघडली आणि 'ब' वाचला.

'दिवंगत गणपत आबा हे प्रत्येक ग्रामसभेस वेळेवर हजर राहात व प्रत्येक ठरावावर विचार करूनच मत देत. गावाच्या वहीत गावातील प्रत्येक माणसास जागा असावी, यासाठी ते सतत उभे राहिले. यापुढे त्यांची हरकत येणार नाही, याचे या ग्रामसभेस मनापासून दुःख आहे.'

सरपंचांनी विचारलं, "मंजूर?"

"मंजूर," सगळे म्हणाले. आणि पुढच्या रांगेत एक हात वर गेला.

"माझी हरकत हाय," सरूकाकू म्हणाल्या.

आबा, तुमच्या हरकतींना गाव सरावलेलं होतं. पण काकू सभेत कधी बोललेल्या नव्हत्या. सरपंच उठून उभे राहिले. "काकू, काय झालं? काही चुकलं का?"

"देवाचं नाव न्हाई त्यात. मी सांगितलं व्हतं हिला."

'अ' फाइलीत होता. तो काढायला हात घातला, तर सरपंच म्हणाले, "मग दुरुस्ती करूया. सुनंदाताई, घाला तेवढं वाक्य."

"दुरुस्ती कशाला?" काकू एकदम म्हणाल्या. "ठराव हाय तसाच ऱ्हाऊ द्या. चांगला लिवलाय पोरीनं. माझी हरकत तेवढी लिवून घ्या. त्यांच्या ठरावावर कुणीच काय बोललं न्हाई, तर त्यांना वाटंल सभेला कुणी आलंच नव्हतं."

पहिली शमीम हसली. मग सगळी सभा. काकू हसल्या नाहीत. त्या मी लिहिते आहे की नाही ते बघत होत्या. मी खाली बसले आणि लिहिलं. 'श्रीमती सरूबाई यांनी ठरावात ईश्वराचा उल्लेख नसल्याबद्दल हरकत नोंदविली.' त्यांनी ते वाचायला मागितलं, एक एक अक्षर बोटाने धरून वाचलं आणि खाली सही केली.

दुखवट्याचे ठराव नेहमी सर्वानुमते मंजूर होतात, आबा. तुमच्या हरकतींसकटसुद्धा शेवटी तसंच लिहिलं जायचं, कारण मंजूर म्हणताना तुम्ही हात खाली घ्यायचा. काकूंनी घेतला नाही. भाऊसाहेबांनी दोनदा विचारलं, तरी नाही. म्हणून या वहीत पहिल्यांदाच मला असं लिहावं लागलं, आणि मी ते माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: ठराव बहुमताने मंजूर. विरोधी मत एक.